आबांचं ‘अध्याहृत’

केळीच्या शेडमध्ये किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. घडाच्या फण्या काढल्या की उरलेले दांडे मागच्या बाजूला फेकतात आणि आठवड्याभरात तिथं माणूसभर ढीग लागतो. आमच्या किश्श्यांचंही तसंच आहे. दांडे निदान खताला तरी जातात! किस्से तिथंच पडून राहतात, म्हणून म्हटलं, आज थोडे उपसून काढू.

आमचं शेड फैजपूर-सावदा रस्त्याला आहे. बागेतून घड येतात, इथं त्यांच्या फण्या होतात, धुतल्या जातात, खोक्यात बसतात, कोल्ड रूममध्ये गार होतात आणि कंटेनरमधून परदेशी रवाना. मालक आबा. आबा पूर्वी हायस्कुलात मराठी शिकवायचे. त्यांच्याच वर्गात शिकलेली मी, सुनंदा, आता त्यांच्या शेडची सुपरवायझर.

आबांचा एक लाडका शब्द आहे : अध्याहृत. शाळेत त्यांनी तो शिकवला तेव्हा म्हणाले होते, "आई ताट वाढते आणि ‘बस’ म्हणते. कोणी बसायचं, कशाला बसायचं, काही सांगते का? तरी तुम्ही बसता आणि जेवता. जे बोललं जात नाही, पण अर्थात असतंच, ते अध्याहृत!"

तेव्हा सगळ्या वर्गाला पटलं. मलाही पटलं. शेडमध्ये आल्यावर मात्र पटेनासं झालं, कारण इथं काहीही बिघडलं की आबांचं उत्तर ठरलेलं, "अहो, ते अध्याहृत होतं!"

आणि त्यातलं सगळ्यात मोठं अध्याहृत म्हणजे मी. आबांचे गुडघे पार गेलेले. मुलगी नाशिकला डॉक्टर, तिला केळं फक्त शिकरणात माहीत. मग आबांनंतर शेड कोण चालवणार? व्यापाऱ्यांचे फोन, कापणीच्या टोळ्या, कंटेनर, बायकांच्या सुट्ट्या, रोजचं सगळं मीच बघत होते. मला ती जागा हवी होती. लाजायचं कशाला, हवीच होती! पण आबांनी ते एकदाही तोंडानं म्हटलं नव्हतं.

*

पहिला किस्सा आबांच्या स्वतःच्या बागेचा.

आमच्याकडे कापणीच्या टोळीचे मुकादम म्हणजे प्रल्हादभाऊ. माणूस कामाला वाघ, पण सांगितल्या शब्दाच्या इकडे नाही की तिकडे नाही. एका सकाळी आबांनी त्यांना फोन केला, "प्रल्हादभाऊ, माझी बाग कापून टाका एकदाची."

टोळी गेली. आबा दुपारी बागेत पोचले, तर समोर सगळा उजेड! तयार घड कापलेले, अर्धे भरलेले कापलेले, आणि बोटाएवढी केळी असलेले कोवळे घडही कापून ओळीनं मांडून ठेवलेले.

"अहो, हे काय केलंत?" आबा ओरडले. "तयार घड तेवढेच कापायचे, हे अध्याहृत असतं!"

प्रल्हादभाऊंनी विळा कमरेला खोचला. "आबा, ते दुसऱ्याच्या बागेत. अठी मालक सोता म्हने कापून टाका एकदाची. मंग आमी काऊन ठेवाचं?"

पुढं पंधरवडाभर आबांच्या आळीत प्रत्येक घरातून वेफर्स तळल्याचा वास येत होता. कच्च्या केळ्याची भाजी, कच्च्या केळ्याचे कोफ्ते, सगळं झालं. आबांकडे आलेले एक पाहुणे बशीतला वेफर उचलून कौतुकानं म्हणाले, "वा आबा! हा जोडधंदा कधी काढला?"

आबांनी बशी त्यांच्याकडे सरकवली आणि आत निघून गेले.

*

कोल्ड रूम बघतो भाईदास. तो नरडाण्याकडचा. आमच्याकडची बोली त्याला अजून नीट झेपत नाही आणि त्याची अहिराणी आमच्या बायकांना. पण मशीनवर त्याचा जीव, आणि मला तो अक्का म्हणतो.

एकदा तपासणीला एक साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, हातात पॅड, एकेक खोकं निरखत कोल्ड रूममध्ये शिरले. तेवढ्यात आबा लांबून ओरडले, "भाईदास, दार लाव रे, गारवा जातोय!"

भाईदासनं दार लावलं आणि चहाला गेला.

थोड्या वेळानं मी आबांना विचारलं, "साहेब कुठं दिसत नाहीत?" आबांचा चेहराच उतरला. धावत जाऊन दार उघडलं, तर साहेब दोन खोक्यांच्या मध्ये छातीशी हात बांधून उभे. दात वाजत होते.

"म-म-मला वाटलं," साहेब म्हणाले, "हा पण तपासणीचाच भाग आहे!"

आबा भाईदासवर कडाडले, "आत कोणी नाही हे बघून दार लावायचं, हे अध्याहृत नाही का?"

भाईदासला तो शब्द काही कळला नाही. तो माझ्याकडे वळला. "अक्का, आबानी सांगं दार लाव, मी लाई दिन्हं. साहेब मजार शे, हाई कोनी सांगं का माले?"

आबांनी मग मोर्चा साहेबांकडे वळवला. "साहेब, दाराला आतून उघडायचा दांडा असतो. तेही अध्याहृतच आहे."

साहेब म्हणाले, "मग ते दारावर लिहा हो!"

त्या दिवशी मी हसले नाही.  आत साहेबांऐवजी तापानं फणफणलेली एखादी बाई असती तर? मी त्याच संध्याकाळी सगळ्यांना उभं केलं आणि सांगितलं, आजपासून या शेडमध्ये अध्याहृत बंद! जे करायचं ते मोठ्यानं सांगायचं, ऐकणाऱ्यानं ते मोठ्यानं परत म्हणायचं. दार लावायच्या आधी "आत कोण आहे?" असं ओरडायचं. आबा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून गालात हसत होते. हसू देत म्हटलं.

नियम लागला, आणि असा लागला की महिन्याभरात भाईदासच्या बायकोचा मला फोन. "अक्का, यासले काही सांगा ना! घरमा फ्रिज लावाना पहिले बी आरोळी ठोकतस, मजार कोन शे!"

*

आबा मात्र सुधारेनात. डिसेंबरात त्यांनी जाहीर केलं, "रविवारी आपल्या शेतात भरीत!"

आता आमच्या भागात भरीत पार्टी म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मी विचारलं, "आबा, कोणी काय आणायचं ते ठरवू या का?"

"सुनंदा, इथं जन्माला आलेल्या माणसाला भरताचं काय सांगायचं?"

रविवारी सगळे जमले. प्रल्हादभाऊंनी पोतंभर वांगी आणली. पॅकिंगच्या बायकांनी प्रत्येकीनं आपापल्या मळ्यातली वांगी आणली. भाईदास खास बामणोदची वांगी घेऊन आला. आबांनीही वांगी आणली, हिरवीगार, डेरेदार, एकाहून एक. भाजायला कपाशीच्या काड्यांचा भारा शेतात तयारच होता.

मिरच्या नाहीत. लसूण नाही. तेल नाही. पुऱ्या नाहीत. आणि आमच्यात कोणी विडी-सिगारेट ओढत नसल्यामुळं काडेपेटीसुद्धा नाही!

सगळे त्या वांग्यांच्या राशीभोवती गोल करून बसले.  शेवटी प्रल्हादभाऊंनी एक वांगं उचललं, हातात फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "वांगं मात्र झकास हाये."

*

मग आला मयूर.

मयूर म्हणजे आबांचे धाकटे भाऊ मधुकरराव यांचा मुलगा. पुण्यात एमबीए झालेला, बोलायला गोड, वागायला नम्र. मधुकरराव त्याला शेडवर सोडून गेले आणि जाताना आबांना म्हणाले, "आता बघून घे."

काय बघून घे? पोरगा की शेड? दोघाही भावांनी पुढं चकार शब्द काढला नाही.

पण शेडनं आपला अर्थ लावला. चहा आला की पहिला कप मयूरला जायला लागला. ट्रकवाले मला विचारायचे ते त्याला विचारायला लागले, आणि तो बिचारा मला विचारायचा. एक व्यापारी बेधडक म्हणाले, "काय आबा, तुमच्यानंतरची सोय झाली म्हणायची!"

तिथं मी उभी होते, मयूरही उभा होता. आबांनी आम्हा दोघांच्या मधोमध कुठंतरी पाहिलं आणि म्हणाले, "बघताय की तुम्ही!"

व्यापाऱ्यांनी मयूरशी हात मिळवला. 

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांची नोकरी दीपनगरला, स्वभाव शांत. म्हणाले, "अगं, आबांच्या मनात तूच आहेस. तुला कळलंय ना? मग झालं!"

मी म्हटलं, "मला कळून काय करू? शेडला कळायला नको?"

*

मयूरवर राग धरावा तर तेही जमेना. त्याचा हा किस्साच बघा.

त्याच्यासाठी भुसावळची मुलगी पाहायला गेलो होतो. मुलगी छान, घर छान, पोहे छान. निघताना मुलीच्या वडिलांनी विचारलं, "मग, काय वाटतं?" मयूर पुण्याच्या पद्धतीनं म्हणाला, "मला विचार करायला चार दिवस द्याल का? मग कळवतो."

गाडीत बसल्यावर म्हणाला, "काकू, मला आवडली. चार दिवसांनी हो म्हणून टाकू."

मला तो काकू म्हणतो. मी कपाळावर हात मारला. "अरे बाबा, आमच्याकडे ‘कळवतो’ म्हणजे नाही!"

"पण मी नाही म्हणालोच नाही!"

"कोणीच म्हणत नाही. म्हणून तर ‘कळवतो’ म्हणतात!"

चौथ्या दिवशी त्यानं फोन केला, तेव्हा त्या मुलीच्या साखरपुड्याची साडी घेऊन मंडळी दुकानातून निघत होती. बिचारा दोन दिवस नीट जेवला नाही.

पुढच्या स्थळाला तो आबांना घेऊन, तयारीनं गेला. पोहे संपल्यावर हात जोडून उभाच राहिला. "मी खरोखर विचार करणार आहे आणि खरोखर कळवणार आहे. हा नकार नाही!"

मुलीच्या वडिलांनी आबांना बाजूला घेतलं. "आबा, पोरगा एवढा उघड बोलू राह्यला. काही भानगड त नाई ना?"

*

शेवटी मी आबांना गाठलंच. यावलला एक बाग बघून दोघं परत येत होतो, गाडी मी चालवत होते. म्हटलं, आता कुठं पळणार!

"आबा, तुमच्यानंतर शेड कोणाचं?"

आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "यंदा थंडी जास्त पडणार असं दिसतंय."

"आबा!"

"सुनंदा, काही गोष्टी बोलल्या की हलक्या होतात. मी किल्ल्या कोणाकडे देतो? तुझ्याकडे. व्यापाऱ्याचा फोन कोणाला देतो? तुला. हे पुरेसं नाही?"

मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. "आबा, न बोललेल्या गोष्टी हलक्या होत नसतील, पण दुसऱ्याच्या होतात. मधुकररावांना वाटतं मयूर. मला वाटतं मी. आम्ही दोघंही तुमचं मौनच वाचतोय!"

आबा पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले. मग हळूच म्हणाले, "तो माझा भाऊ आहे गं. त्याच्या तोंडावर कसं सांगू?"

तेव्हा मला सगळं उमगलं. आबांचं अध्याहृत म्हणजे नुसता मास्तरकीचा शौक नव्हता. ते घाबरत होते. मला त्यांची दया आली आणि तेवढाच रागही आला, कारण भावाचं मन राखायला त्यांनी माझा बळी द्यायचं ठरवून टाकलं होतं, तेही न बोलता.

"पुढच्या आठवड्यात तुम्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनला जाणार," मी म्हटलं. "त्याआधी शेतकऱ्यांना बोलावलंय ना? त्या दिवशी सगळ्यांसमोर नाव घ्या. माझं नाही तर मयूरचं घ्या, पण घ्या. नाव घेतलं नाहीत तर दुसऱ्या दिवसापासून मी येणार नाही. हे मी अध्याहृत ठेवत नाही, स्पष्ट सांगतेय."

गाडी सुरू केली. 

*

तो दिवस उजाडला. शेडमध्ये सतरंज्या अंथरल्या, पुढच्या ओळीत शेतकरी, अगदी मध्यभागी मधुकरराव. मयूर त्यांच्या शेजारी. मी भिंतीला टेकून उभी. बाहेर कंटेनर लागलेला आणि माल भरायचा खोळंबला होता, कारण आबांचं भाषण सुरू होतं.

आबा जमिनीवर बोलले, पाण्यावर बोलले, केळीवरच्या करपा रोगावर बोलले. शाळेच्या दिवसांवर बोलले, डॉक्टरांवर बोलले, स्वतःच्या गुडघ्यांवर तर फारच सविस्तर बोलले. शेवटी म्हणाले, "मी काही दिवस नसेन. नंतरही रोज येणं होणार नाही. पण शेड चालू राहील. बाकी तुम्ही सगळे सुज्ञ आहात."

आणि खाली बसले!

 उद्यापासून यायचं नाही, मी मनाशी पक्कं केलं. शब्द दिला होता, तो पाळणार होते.

तेवढ्यात प्रल्हादभाऊ उठले. टोळ्यांच्या वतीनं नव्या कारभाऱ्याला द्यायला त्यांनी शाल आणि नारळ आणले होते. ते दोन पावलं मयूरकडे गेले. थांबले. दोन पावलं माझ्याकडे आले. पुन्हा थांबले. सांगितल्या शब्दाच्या बाहेर न जाणारा तो माणूस! मग शाल दोन्ही हातांवर धरून त्यांनी भर सभेत विचारलं, "आबा, शाल कोनाले देऊ?"



आबा माझ्याकडे बघायला लागले. डोळ्यांनीच सांगत होते, तू समजून घे, पुढं ये, शाल घे आणि सोडव मला. एक पाऊल टाकलं असतं तर शाल मिळाली असती. मी जागची हलले नाही.

"आबा," मी म्हटलं, "प्रल्हादभाऊंनी तुम्हाला विचारलंय."

आबा खुर्चीचा हात धरून उठले. एकदा भावाकडे पाहिलं. मास्तरांची शुद्ध भाषा कुठल्या कुठं गेली.

"मधू, तुहा पोरगा हुशार हाये. मले तो पोटच्या पोरासारखा हाये. पन शेड सुनंदा चालवीन. सही तिची, शबूद तिचा. मी नसलो तरी, अन मी असलो तरी. हे मी आधीच सांगाले पाह्यजे होतं. भेलो मी. माफ कर."

मधुकररावांची मान खाली गेली.  आणि मयूर उभा राहिला.

"काका, म्हणजे मी पुण्याला परत जाऊ शकतो?" त्याचा चेहरा असा उजळला होता की बघत राहावं. "मला तिथली नोकरी कधीपासून बोलावतेय. मला वाटलं, मी इथं राहणं अध्याहृत आहे!"

मधुकररावांनी आधी मुलाकडे पाहिलं, मग भावाकडे, आणि ते असे हसत सुटले की डोळ्यांतून पाणी आलं. त्यांच्या मागून सगळं शेड हसलं.

प्रल्हादभाऊंनी माझ्या खांद्यावर शाल घातली. हसणं ओसरलं. आबा माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"मी बोललो," ते म्हणाले. "आता तू बोल. सगळ्यांसमोर. मंजूर आहे?"

मी तोंड उघडलं. एवढ्या माणसांसमोर तो एक ‘हो’ काही बाहेर पडेना. आबा वाट बघत होते, मधुकरराव वाट बघत होते, बायका पदर तोंडाशी धरून वाट बघत होत्या. बाहेर कंटेनरच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

मी शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि दाराकडे वळले. "भाईदास, गाडी मागं घ्यायला सांग! माल बाहेर काढा, ऊन चढलंय!"

आबा सभेकडे वळले.

"ऐकलं ना सगळ्यांनी? हो म्हणाली ती!"